कोमट रेडिएटर

ईश्वरी,

मी शेजारच्या लिंडनरबाईंच्या तळघरात आहे, शोधत बसू नकोस. त्या आपलं पार्सल द्यायला आल्या आणि दारातच कोट काढून, भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावून म्हणाल्या, घर एवढं उबदार, मग हा कोमट कसा?

सकाळी मीही तसाच हात लावून पाहिला होता. माझा जन्म साखर कारखान्यात गेला. हाताला चटका बसला नाही की बॉयलर बिघडला, एवढंच मला ठाऊक. तू माझं न ऐकता बसवलेल्या त्या हीट पंपाचं तापमान वाढवायला निघालो, तर आरशात दिसलं, डोक्याला माकडटोपी नाही. ती कालपासून खुंटीलाच आहे. मुकाट्यानं परत फिरलो.

बाईंचा इथला तेलाचा बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय. नवा कोणता घ्यावा ते त्यांना ठरेना. मी म्हटलं, गॅसचा झटकन तापतो, पण त्याचा भाव आपल्या हातात नाही. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणाऱ्या बॉयलरला साठवणीची खोली हवी, शिवाय राख काढा. आमचा पंप या एर्लांगेन गावच्या थंड हवेतूनही ऊब ओढून आणतो. सावकाश, पण दिवसभर. त्यापुढचं त्यांनी विचारलं ते मला येईना.

पाच वाजता त्यांना चहाला आणतोय, दूध वेगळं ठेव. परवा सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो होतो, यातलं तुला काय कळतं. आज त्यांना सांगितलंय, यातलं कळतं ते आमच्या सूनबाईंना. तू बोल, मी नुसता शेजारी बसेन.

बाबा