निरोगी नळी

सफाक्स, ३ मे

चि. ओल्फास अ. आ.

फोन करू नकोस, पत्रच लिही. तुझा आवाज ऐकला की तू आलीस म्हणून आई दाराशी धावते आणि कडी बडवत बसते. कुलपाची किल्ली हल्ली माझ्या गळ्यातच असते. परवा तिनं मला विचारलं की बाई, तुम्हालाही कोंडलंय का? आधी हसले, मग रडले. आई बाहेर का दिसत नाही विचारलं, तर शेजारणींना अजून तिची गुडघेदुखीच सांगते.

मुन्सिफ लग्नासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबेल. म्हणतो, बेचाळिशीच्या नवरीला घाई नसेल, त्याला आहे. तेव्हा प्रबंध उरक आणि ठरल्याप्रमाणे आईला सांभाळायला ये. तुझ्यासाठी दुसरी किल्ली करून ठेवलीय. जेर्बाला त्याच्या घरी जाण्याआधी तुला आवडतात तसे अंडं भरलेले ब्रिक तळून घालीन.

लोभ आहेच, तो कामाखाली पुरू नकोस.

तुझी ताई, नझीहा

ट्युनिस, १९ मे

ती. ताईस सप्रेम सलाम वि. वि.

टाऊ नावाचं प्रथिन मज्जातंतूंना आतून आधार देतं. आईसारख्यांत ते सुटतं, त्याचा गुंता होतो आणि तंतू मरतात. त्याची खूण रक्तात उतरते, विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. ताडून पाहायला निरोगी रक्त लागतं, ते प्रयोगशाळेतलेच देतात. त्यातली एक नळी रुग्णांसारखीच निघाली. सर ओरडले की नळी बिघडली, फेका. मी तीनदा तपासली. ऑक्टोबरचं सांगता येत नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझी ओल्फा

सफाक्स, २ जून

चि. ओल्फास अ. आ.

एका नळीपायी माझं लग्न मोडतेस? सर फेक म्हणतात तर फेक ना! आठ वर्षं मी या घरात कुजतेय, आणि तुला परक्याच्या रक्ताचं पडलंय. कुणाची आहे ती?

नझीहा

ट्युनिस, ९ जून

ती. ताईस,

माझी.

रुग्णाच्या नात्यातलं रक्त चालत नाही. पण एक नळी कमी पडत होती, आणि आईचं मी इथे कुणाला सांगितलंच नव्हतं. मीही गुडघेदुखीच सांगत होते.

तू जा, ताई. लग्न कर. मला फार भीती वाटते.

ओल्फा

सफाक्स, १५ जून

चि. ओल्फास खूप खूप आशीर्वाद.

मागचं पत्र विसरून जा असं लिहिलं होतं, ते खोडलं. काही विसरू नकोस.

मुन्सिफला नकार कळवला. तू लवकर ये, ब्रिक तळते. दुसरी किल्ली मात्र मागू नकोस. दोन्ही आता माझ्याच गळ्यात आहेत.

तुझी ताई