बंद पाकीट कॅनडाला

सिटीवेस्ट, डब्लिन
६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
कौमुदीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर मला फक्त तुझ्या घरचा पंखा दिसतो, तेव्हा आपला हा पोस्टाचा कारभारच बरा.

आता मुद्द्याचं. आत्या, मी नर्स व्हायचं ठरवलं आहे. बसून वाचते आहेस ना?

दर शनिवारी मी इथल्या नास गावाजवळच्या वृद्धाश्रमात मदतीला जाते, हे तुला माहीत आहे. तिथे मिसेस डॉयल म्हणून एक आजी आहेत, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. मला त्यांना चहा पाजायला बसवलं होतं. मी कप त्यांच्या तोंडाशी न नेता त्यांच्या डाव्या हातात दिला आणि खालून माझा हात धरला. तू माझ्या आजारी आईला असंच पाजायचीस. अर्धा चहा सांडला, पण उरलेला त्या स्वतः प्यायल्या आणि अशा काही ऐटीत माझ्याकडे बघितलं की काय सांगू. हेड नर्सने विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, माझ्या आत्याने, तिच्या नकळत. सोमवारी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधताना मला दिवसभर तो कपच दिसत होता. एकतिसाव्या वर्षी असं काही सुचणं शहाणपणाचं नाही, पण सुचलं आहे खरं.

इथे आयर्लंडमध्ये शिकायचं तर पहिल्यापासून चार वर्षं. कॅनडातल्या एका कॉलेजात आधीची डिग्री असणाऱ्यांना दोनच वर्षांचा कोर्स आहे. त्यासाठी लागणारे शरीरशास्त्राचे दोन पेपर मी गेल्या वर्षीच गुपचूप ऑनलाइन देऊन ठेवलेत. अर्जही भरला. आता फक्त माझ्या इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांच्या मार्कांचा कागद हवा. तो विद्यापीठाने पाकिटात घालून, चिकटवलेल्या जागेवर शिक्का मारून द्यायचा आणि पाकीट न फोडता पंधरा जानेवारीच्या आत तिकडे पोचवायचं.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले की तुला इंजिनिअर केलं ते लोकांच्या खाटांपाशी उभं राहायला का. तेव्हापासून रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतात, त्यापुढे एक शब्द नाही. आठवतं, इथल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ते देवापुढे ठेवलं होतं? ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. या वेळीही तेवढं मिळालं असतं तर मी कॅनडापर्यंत पोहत गेले असते.

कळावे. तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा तुझ्या समोरच्या दारातल्या माणसाला, म्हणजे बाबांना, समजावण्यात खर्च कर.

तुझी,
कौमुदी


पुणे
२७ ऑक्टोबर २०२४

चि. कौमुदीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रडले आणि तिसऱ्यांदा मेट्रनच्या चष्म्यातून वाचलं. तेव्हा आधी मेट्रनबाईंचं ऐक. पाय सुजतात. जेवण थंड होतं. ज्याचं सगळं करावं तोच शिव्या देतो, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणून हाक मारतो की आपण पुन्हा हजर. छत्तीस वर्षं मी अशीच फसत आले. तुला यातून परावृत्त करायचं असं ठरवून लिहायला बसले होते, पण तू कप डाव्या हातात दिलास, तिथे माझं काही चालेना. ते ज्याच्या हाती असतं त्याच्याच असतं.

तुझ्या बापावर रागावू नकोस. माझं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या वडिलांनी ते वाचलं आणि पाटाखाली सरकवून जेवायला बसले. पुढे तुझ्या बापाच्या, मुरलीच्या लग्नात पाहुण्यांना माझी ओळख सरकारी नोकरीत आहे एवढीच करून दिली. मुरली शेजारीच उभा होता, तोही काही बोलला नाही. मी ते कधीच सोडून दिलं. त्याने सोडलं नसावं. तुझ्या आईच्या आजारपणात मी दिवसभर तिचं करत असे, तेव्हा तो दारात उभा राहून बघायचा आणि मी खुर्चीत टेकले की मुकाट्याने गरम पाण्याचं घमेलं आणून माझ्या पायांशी ठेवायचा. त्याला या कामाची लाज वाटते असं तुला वाटतं. मला वाटतं, त्याला माझे पाय आठवतात.

पाकिटाचं बघते. विद्यापीठाचे जिने माझ्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत, तेव्हा मुरलीलाच जुंपावं लागणार.

आशीर्वाद आहेतच. ते लोकरीच्या मोज्यांसकट घे.

तुझी,
आत्या


सिटीवेस्ट
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पायांचं वाचून मी स्वतःच्या पायांकडे बघत बसले. अजून तरी बरे आहेत.

बाबांना पाठवणार असशील तर माझा जीव थोडा टांगणीला लागेल. ते नाही म्हणणार नाहीत, पण विसरतील, उशीर करतील. तारीख चुकली तर पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी माझ्यात ही हिंमत असेलच असं नाही. पाकीट फोडायचं नाही, हे त्यांना नक्की सांग. शेजारची आयरिश बाई माझी घालमेल बघून रोज म्हणते की सगळं ग्रँड, म्हणजे झकास होईल. इथे छत गळलं तरी ग्रँडच म्हणतात, त्यामुळे त्याचा काही आधार वाटत नाही.

मिसेस डॉयल आता बिस्किटही बुडवून खातात. मला त्यांनी बढती दिली आहे, केस विंचरायची.

कळावे. माया कमी करू नकोस आणि बाबांवर नजर ठेव.

तुझी,
कौमुदी


पुणे
१५ डिसेंबर २०२४

चि. कौमुदीस,
अ. उ. आ.

काम फत्ते. मुरली विद्यापीठात तीन खेपा घालून आला. पहिल्या दिवशी खिडकी बंद, दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर, तिसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊनच गेला आणि पाकीट मिळेपर्यंत बाकावरून उठला नाही. तोंडाने मात्र एक शब्द बरा नाही. फोडायचं नाही हे मी दोनदा बजावलं, तर वीज मंडळात पस्तीस वर्षं कागदपत्रं सांभाळल्याचं मला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः कुरिअर करून आला. पावती त्याने पंचांगात ठेवली आहे.

तेव्हा निर्धास्त राहा आणि नाताळचा केक माझ्या वाट्याचाही खा.

आशीर्वाद.
आत्या


सिटीवेस्ट
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. कॉलेजची ईमेल आली. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं आहे, वर चिकटपट्टी लावलेली आहे, आतल्या कागदावर डागही आहेत म्हणून तो त्यांना मान्य नाही. तारीख उलटून गेली आहे. माझा अर्ज अपुरा ठरला.

पाकीट फक्त बाबांच्या हातात होतं. मी या माणसाचं बोट धरून शाळेत गेले. नको होतं तर तोंडावर सांगायचं, भांडायचं. मी रडले असते, पण समजून घेतलं असतं. असं मागच्या दाराने कशाला? त्यांची फुलं काल आली, मी उत्तर दिलं नाही. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

शनिवारी नासला गेले नाही. मिसेस डॉयलनी विचारलं असेल.

तू तरी माझ्याशी आहेस तशीच राहा.

कौमुदी


पुणे
४ फेब्रुवारी २०२५

चि. कौमुदीस,
अ. उ. आ.

पत्र दाखवू नकोस म्हणालीस, ते मी ऐकलं नाही. तसंच्या तसं नेऊन मुरलीच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते वाचलं. उठला, देवघरातला करंडा घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

अगं, ते डाग हळदकुंकवाचे आहेत! या माणसाने किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं, शिक्का फाटू नये म्हणून पाऊण तास खपून. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि पुन्हा डिंकाने चिकटवलं. वाटेत सुटू नये म्हणून वर पट्टी लावली. त्याचं म्हणणं असं की बंद पाकीट म्हणजे पोचताना बंद असलं की झालं, आणि तुझा एकही कागद आजवर घरातून तसाच कोरा गेलेला नाही. मी डोक्यावर हात मारून घेतला. पस्तीस वर्षं मंडळात काढली म्हणे!

मी विचारलं की मनातून नको होतं ना तुला, मग हे कशाला. तर म्हणाला की नको होतं, अजूनही भीती वाटते. पण ताई, तुझा कागद पाटाखाली गेलेला मी बघितला होता, पोरीचा तसा जाऊ द्यायचा नव्हता.

कौमुदी, त्रेपन्न वर्षांत या विषयावर तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मी घरी येऊन खूप रडले, मग वरणभात खाल्ला.

तू कॉलेजला खरं काय ते लिही. हसतील, हसू देत. आणि बापाला फोन कर, तो चार दिवस धड जेवलेला नाही.

तुम्हा दोघांवरचा जीव तसाच,
आत्या


सिटीवेस्ट
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी कॉलेजला सगळं लिहिलं, किटलीसकट. तिथल्या बाईंनी त्या कागदाचा फोटो पाठवला. चार कोपरे, चार बोटं, आणि एका कोपऱ्यात कुंकू जरा ओघळलेलं. आत्या, मी ऑफिसात होते, तरी मला आवरेना. आणि मी बाबांना काय काय म्हणाले!

त्या बाईंनी वरिष्ठांशी बोलून मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. नवीन पाकीट, आणि या वेळी खरोखर न उघडलेलं.

बाबांना फोन केला. मी सॉरी म्हणाले, ते सॉरी म्हणाले, मग आम्ही दहा मिनिटं इथल्या आणि तिथल्या हवेबद्दल बोललो. पाकीट आणायला उद्याच जातो म्हणाले. करंडा तेवढा तुझ्याकडे आणून ठेव.

कळावे. लोभ मावत नाही इतका आहे, तरी चालू ठेव.

तुझी,
कौमुदी


पुणे
११ मे २०२५

चि. कौमुदीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही, ताईने बसवलं म्हणून लिहितो आहे. तुला प्रवेश मिळाल्याचा मेसेज परवा आला. तो मी ताईला मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण तिने पुन्हा वाचायला लावलं.

दुसरं पाकीट मी फोडलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. करंडा ताईने कुलपात ठेवला होता. त्यामुळे या वेळी तुझा कागद कोराच गेला, ही रुखरुख राहिली. प्रवेशाचं पत्रही तुझ्या कॉम्प्युटरवर, तिथे माझा हात कसा पोचणार?

म्हणून काल मी ताईकडे तिचं प्रवेशाचं पत्र मागितलं. १९७२ सालचं, घड्यांवर विरलेलं, तिने ट्रंकेत ठेवलं होतं. आंघोळ करून त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवलं. संध्याकाळी तिला बरोबर घेऊन सोसायटीत पेढे वाटले. प्रत्येक दारात सांगितलं की ही माझी थोरली बहीण, छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती, आणि आता माझी मुलगी नर्स होते आहे. तिसऱ्या मजल्यावर ताईचे पाय दुखायला लागले. खाली आल्यावर पाणी गरम करून दिलं.

दोन वर्षं उभं राहायचं आहे. चांगले बूट घे. जपून राहा आणि आम्हा दोघांवर लोभ ठेव.

तुझा,
बाबा