चिखलातली मासोळी

७ नोव्हें., शुक्र
'खाजण' आला. माझा पहिला पूर्ण अल्बम. ग्रुपवर सगळ्यांचे आगीचे इमोजी. ऐकलं किती जणांनी, देव जाणे. पप्पांना स्पीकरवर लावून दिला. शेवटपर्यंत ऐकला, मग बोलले, टीव्हीचा रिमोट दे. बस एवढंच. जन्म गेला मिठागरात, रॅप काय कळणार त्यांना.

१० सोम
पहिला रिव्ह्यू! मोठी साइट. 'चिखलात उड्या मारणारी मासोळी म्हणजे खाडीचा श्वास.' वा. निखिलचा डोंबिवलीहून लगेच फोन, "बोललेलो ना!" बीट नि.चे, मिक्सिंग नि.चं, आणि मासोळीपण त्याचीच. माझ्या ओळीत निवटी होती, आमच्या बाळकुमच्या खाडीतली. त्याचं म्हणणं, निवटी बाळकुमच्या बाहेर कोणाला कळणार, मासोळी कर. केली. आता नेमकी तीच ओळ डोक्यावर घेतलीय. एवढं कौतुक फुकटात होत नाही. नि.ची त्या साइटवर ओळख आहे का? दाल में काला है.

११ मंगळ
दुसरा रिव्ह्यू. इन्स्टावर, बिननावाचं पेज, कालपरवाच उघडलेलं.
'मासोळी चिखलात उड्या मारत नाही, मरते. उड्या मारते ती निवटी. आधी निवटीच होती, मग बदलली कोणासाठी? या अल्बमात मीठ आहे, पण विकतचं.'
शीळफाट्यापर्यंतची पोरं शेअर करतायत. वर्तकनगरला २२ला लाँचचा शो, तिथल्या आयोजकाचा फोन. भाई, तू आगरीच ना? म्हणजे आता मी बाळकुमचा आहे हेपण सिद्ध करायचं.

१२ बुध
आधी निवटी होती, हे त्याला कळलं कसं? निवटीवाला डेमो फक्त नि.कडे. दुसऱ्या कोणाला पाठवलाच नाही. आणि नि.चं तत्त्वच आहे, चांगलं बोला वाईट बोला, पण बोला. दोन्ही रिव्ह्यू त्याचेच असतील तर? एकाने चढवायचं, दुसऱ्याने पेटवायचं.
सायलीला दुसरा रिव्ह्यू दाखवला. बहीण म्हणून बाजू घेईल असं वाटलेलं. बोलली, "दादा, तुला राग कशाचा आलाय? लिहिलं त्याचा, की खरं लिहिलं त्याचा?"
तिला बोललो, तू तुझी बँक सांभाळ.

१३ गुरु
डोंबिवलीला गेलेलो. तोंडावर विचारलं. नि.ने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शाळेपासूनचा दोस्त, पण एक शिवी नाही दिली. "तुला असं वाटतं ना? मग शो तुझा तू कर." काकूंनी पोहे आणलेले, तसेच राहिले. त्या विचारत होत्या काय झालं रे, मी चपला घालत होतो.
खरा असता तर भांडला असता. की खरा आहे म्हणून भांडला नाही? डोक्याचं दही झालंय.

१५ शनि
नि. फोन उचलत नाही. शोचे बीट सगळे त्याच्या लॅपटॉपवर. आयोजकाला सांगितलं, मला ताप आहे.

१६ रवि
पप्पा सकाळीच कळव्याला जाऊन निवट्या घेऊन आले. कित्येक वर्षांनी. आईने कालवण केलं. मी बोललो, मीठ कमी पडलंय.
पप्पा ताटातून मान वर न करताच बोलले, "मीठ हाय. पन इकतचा."
मिठागर बंद झालं तेव्हा हे रोज बोलायचे. आई वैतागायची. मग कधीतरी बोलायचे थांबले, आणि मी साफ विसरलो.
सायलीकडे बघितलं. ती काटे काढत बसलेली, संपल्यावरपण.
डेमो फक्त नि.कडे. आणि पाठ कुठे करायचो? हॉलमध्ये, टीव्हीसमोर, पप्पांच्या डोक्यावर उभा राहून. मी गाढव आहे.
शब्द पप्पांचे, पण पेज कोणी उघडलं, विचारलं नाही. सायलीनेही सांगितलं नाही. जेवता जेवता डाव्या हाताने नि.ला टाइप केलं, चुकलो रे. निळ्या टिक आल्या. उत्तर नाही.
पप्पांनी माझ्या वाटीत अजून एक निवटी वाढली. "शोला काय बोलशील? मासोली का निवटी?"
रात्र झाली, पप्पांना उत्तर दिलं नाही अजून. बीट तर नि.कडे आहेत.