हिरव्या ब्लाउजमधलं अर्धं बोट

कामठा, बुधवार, संध्याकाळ

शेजारची सुरेखा आज हिरवं ब्लाउज घेऊन आली. बाळंतपणानंतर अंगात जात नाही म्हणे. "काकू, आतली माया उसवून थोडं ढिलं करून द्या ना. परवा भावाचं लगन आहे."

माया होतीच कुठे? सगळ्यांच्या ब्लाउजात शिवणीच्या आत मी दोन बोटं जादा कापड सोडते. तिचं शिवताना अर्धंच बोट सोडलं. वाचलेल्या तुकड्याचा बटवा शिवला, बाजारात विकायला. रंगच असा होता... पण मागितला असता तर तिनं दिला नसता काय?

"कापडच कमी होतं," असं बोलून गेली मी. तिच्या तोंडावर.

"जाऊ द्या, मीच जाडी होऊन गेली."

अर्धं बोट. काऊन केलं मी असं?

तेवढ्यात तिला खिळ्यावरचा बटवा दिसला. "अव माय, माह्या ब्लाउजच्याच रंगाचा! हा घेऊन टाकते, लगनात कमरेला खोचीन."

पैसे घेववले नाहीत माझ्याच्यानं. तर माझा हात धरून म्हणते, "काकू, तुमच्यासारखं मन कोणाचं नाही."