यातीच्या नावाचं इंजिन

ताइपिंग,
शुक्रवार, ६ ऑगस्ट २००४

प्रिय याती,

अस्सलामू अलैकुम. माक आणि मी, आम्ही दोघं ठीक आहोत. पाऊस आला की माकचा गुडघा कुरकुरतो, आणि ताइपिंगमध्ये पाऊस कधी नसतो ते तुला माहीतच आहे. रंबुतान यंदा भरपूर लागले. निम्मे वटवाघळांनी खाल्ले, उरलेले माकने शेजारीपाजारी वाटले. तुझं मांजर अजून आहे. दोन वेळ जेवायला येतं आणि ओळख दाखवत नाही.

तुझं पाकीट मिळालं. त्याबद्दल नंतर लिहितो. आधी गाडीचं सांगतो, कारण गाडी तुझ्या नावावर आहे आणि तुला न विचारता मी तिला हात लावला आहे.

आपल्या इझामने ती डॅटसन उघडून ठेवली होती तशीच ती फणसाखाली होती. बोल्ट माइलोच्या डब्यांत, सीटवर कोंबड्या. रमझान संपल्यावर माक म्हणाली, "एकतर तिला नीट करा, नाहीतर भंगारात द्या. रोज तिच्याकडे बघत चहा पिऊ नका." म्हणून मुनियांडी मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिनात टॉर्च मारली, गिअरबॉक्स हलवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"हाजी, ब्लॉकला तडा आहे. दुसऱ्या गिअरचे दात तर तुमच्यापेक्षा कमी उरलेत. दुसरं इंजिन आणा, आणि गिअरबॉक्स त्याच्याच जोडीचा आणा. एकाची लुंगी नि दुसऱ्याची टोपी मला चालणार नाही."

मला पाच गिअरचा हवा होता. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला क्लचशिवाय गाडी म्हणजे मिठाशिवाय कालवण. इझाम म्हणायचा, "गाडी होऊ दे अबाह, मग बघाच." मी धरून चाललो होतो की तो आणि मी तिच्यातून पिनांगला जाणार. तसं तो कधी बोलला नव्हता.

मग इपोहच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथली हाफकट यार्डं तू पाहिली नसशील. जपानहून जुन्या गाड्या मधोमध कापून आणतात आणि पुढचा अर्धा भाग इंजिनासकट रांगेत मांडून ठेवतात. डॅटसनचं नाव काढलं की सगळे हसत. एकजण म्हणाला, "पाकचिक, ती गाडी म्युझियमला द्या आणि तुम्हीही तिच्याबरोबर जा." दुसऱ्याने दाखवलेल्या इंजिनावर शेवाळ होतं. तिसऱ्याने बसून घ्या म्हणत कॉफी पाजली. इंजिन त्याच्याकडे नव्हतं, त्याला बोलायला माणूस हवा होता.

शेवटी रेल्वे फाटकामागच्या फूंग तौकेच्या यार्डात पोचलो. चड्डी, बनियन, काखेत रेडिओ. मी गाडी सांगितली तशी तो म्हणाला, "एकच आहे, आणि ते विकलं गेलंय." मी म्हटलं, बघू तरी दे. त्याने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. सनी गाडीचं पंधराशे सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स जोडलेला, टायरवर नीट बसवलेलं. अंगावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: याती.

इझामचं अक्षर मी ओळखलं. 'वाय' अजून पहिलीतल्यासारखाच काढला होता.

या लोकांची एक रीत आहे. माल ठरला की गिऱ्हाईक स्वतः त्यावर नाव रंगवतं. मग तो माणूस येऊन 'नको' म्हणेपर्यंत नाव पुसायचं नाही. फूंगचा बाप सांगायचा म्हणे, की नाव पुसणाऱ्याचा धंदा पुसला जातो.

"याती माझी सून आहे," मी म्हटलं.

"मग यातीला आणा. नाहीतर त्या पोराला पाठवा. भाव करून करून माझं रक्त आटवलं, नाव रंगवलं आणि गायब. फोनही उचलत नाही. कुठे आहे तो?"

"कामात आहे," मी म्हटलं.

"मग सवड झाली की येऊ दे." त्याने ताडपत्री परत ओढली. "आणि सांगा त्याला, ऑटोमॅटिकच ठेवलाय. बायकोला क्लच जमत नाही म्हणाला. रड रड रडते म्हणाला."

त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परत आलो. बसमध्ये सगळा वेळ एकाच गोष्टीचा राग आला होता: ऑटोमॅटिक! गाडी तुझ्या नावावर का घेतली, असं मी त्याला पूर्वी विचारलं होतं. तो नुसता हसला होता. मला वाटलं होतं, करबिर वाचवत असेल. आता कळलं की मी गाडीत कुठेच नव्हतो. असलोच तर मागच्या सीटवर, कोंबड्यांच्या जागी. वाईट वाटलं, हे लिहून टाकतो.

मुनियांडीने विचारलं, "मिळालं?"

"मिळालं. पण देत नाही. इझामला पाठवा म्हणतो."

त्याने पाना खाली ठेवला. "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"कामात आहे."

मुनियांडीने हात पुसले. मग म्हणाला, "हाजी, तो माणूस दोन पावसाळे तो माल धरून बसलाय. गिऱ्हाईकं परत पाठवतोय. त्याला कळायला नको?"

याती, आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'अरवाह' लावायचं असतं. माक लावते. इमाम लावतो. दुकानदारसुद्धा लावतो. मी लावत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू इथे होतीस तेव्हाही मी लावलं नव्हतं, आणि या पत्रातही वर कुठे लावलेलं नाही. घरात कुणी मला टोकलं नाही. परक्या माणसाच्या यार्डात माझं घोडं अडलं.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. फूंग म्हणाला, "पुन्हा तुम्हीच? पोरगा कुठाय?"

मी म्हटलं, "मी अरवाह इझामचा बाप."

हा शब्द सगळ्यांनाच कळतो. त्याने रेडिओ बंद केला. मग ताडपत्री काढली आणि बनियनच्या टोकाने तुझ्या नावावरची धूळ पुसली. मी म्हटलं, नाव घासून काढ हवं तर, आता व्यवहार माझ्याशी. तो म्हणाला, "नाव कशाला काढू? माल तिचाच आहे." लॉरीत चढवताना पुन्हा म्हणाला, "फार घासाघीस करायचा हो. चांगला होता पोरगा." मी लॉरीत पुढे बसून इपोह ते ताइपिंग रडत आलो. ड्रायव्हर भला माणूस, त्याने खिडकीबाहेर बघत गाडी चालवली, जे खरंतर धोक्याचं आहे.

इंजिन बसलं. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करावा लागला, तळाचं भोक मोठं करावं लागलं. क्लचचं पेडल मुनियांडी काढणार होता, ते मी काढलं. बुधवारी सुरू केली. आवाज समजूतदार आहे. गल्लीतून एक चक्कर मारली, तेव्हा डावा पाय सारखा पेडल शोधत होता.

आता काम असं आहे. नव्या इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदावर चढवायला वाहतूक कार्यालयात मालकाला यावं लागतं. म्हणजे तुला. कुआंतानहून लांब पडतं, पण अडलंय तुझ्यावाचूनच.

आता तुझ्या पाकिटाविषयी. लग्नाचं कार्ड छान आहे. माकने फ्रिजवर लावलं, मग काढून कपाटात ठेवलं, मग परत फ्रिजवर लावलं. रोस्लीबद्दल चांगलं ऐकतो. आम्ही येऊ. माक बाजूला जाऊन थोडी रडेल, तिकडे लक्ष देऊ नको. तिला आनंदच झाला आहे. मलाही झाला आहे. मला फक्त उशिरा होतो.

लग्नाला हात हलवत येणं बरं दिसत नाही, तेव्हा गाडी हीच आमची भेट समज, जरी ती आधीपासून तुझीच आहे. रोस्लीला घेऊन ये. त्याला क्लच येत असेल तर इथे त्याचा उपयोग नाही. चालवशील तू. नाव पुसलेलं नाही, बॉनेट उघडलं की दिसेल. त्याला चालणार नसेल तर त्यावर रंग मार, माझं काही म्हणणं नाही.

एकच गोष्ट राहिली. कार्डावर तू मला 'पाकचिक' लिहिलं आहेस. तू संकोचाने लिहिलं असशील, ते मी समजू शकतो. पण पाकचिक म्हणजे कुणीही काका; तसं मला कोपऱ्यावरचा मासेवालाही म्हणतो. मुलगा गेला म्हणून सासरा परका होत नाही, असं आपल्या धर्मातच आहे. तू दुसरं लग्न केलंस तरी तुला माझ्यासमोर डोकं झाकावं लागत नाही. हे मी इमामला विचारायला गेलो नाही. मला आधीपासून माहीत होतं.

येताना उशी आण. ड्रायव्हरची सीट तुझ्या उंचीला खाली पडते.

अरवाह इझामचा आणि तुझा,
अबाह