दुरुस्तीला टाकलेल्या वस्तू

प्रिय अहो,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून चाकणला निघालेल्या कल्याणभावजींच्या हाती हे पत्र देतेय. राग आला तर समोर येऊन रागवा, तेवढं तरी निमित्त होईल.

'महिनाभरात येतो' म्हणून गेलात ते गेलातच, आणि तुमचं दुरुस्तीचं दुकान, म्हणजे आपली पुढची खोली, माझ्या गळ्यात पडलं. लोकांचे बंद टीव्ही, मिक्सर, टेप पार पलंगाला येऊन टेकलेत. आपली निकिता टीव्हीवर वही ठेवून अभ्यास करते. मला श्रीरामपूरला शिवणवर्गात शिकवायचं काम मिळतंय, पण लोकांच्या वस्तू टाकून निघू कशी? शिंगणापुरात सून म्हणून आले तेव्हा दार नसलेल्या घराचं केवढं कौतुक वाटलं होतं! आता त्याच घरात जीव कोंडतो.

भंगारवाला आला होता. पण तो ओढ्याकाठी वायरी जाळून तांबं काढतो आणि त्या धुरानं निकिता रात्रभर खोकते, म्हणून त्याला परत धाडलं. मग वैतागून सगळं रस्त्याकडेला मांडलं, ज्याचं त्यानं न्यावं म्हणून. तेही आपल्या गावात, जिथं कुणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही! सकाळी सगळं जागच्या जागी, वर कुणीतरी ताडपत्री घातलेली, आणि शेजारी कुणाचा तरी एक बंद मिक्सर जास्तीचा. हसू आलं आणि रडूही.

आता सोमवारी ग्रामपंचायतीत बंद पडलेल्या विजेच्या वस्तू नेणारी गाडी येणार आहे. ते लोक असल्या वस्तू नीट खोलून काच, तांबं, विषारी काय असेल ते वेगळं करतात. मी देते म्हटलं, तर तुमच्या आई म्हणाल्या, "गोरक्षानं घेतलं हाय, त्योच देईल. लोकाच्या वस्तूला हात लावू नगं." त्यांचंही खरंच. मग मी घरोघर फिरले. म्हटलं, आपापली वस्तू न्यायला या, नाहीतर 'सोडली' म्हणून तोंडानं सांगा. सूर्यभानतात्यांनी आधी मला हाकलूनच दिलं. संध्याकाळी स्वतः आले, त्यांच्या रेडिओवरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, "सोडला बग पोरी." अशी एकेक वस्तू मोकळी झाली. प्रत्येकीवर मी खडूनं फुली मारली.

आज सगळ्यांवर फुल्या आहेत, तरी माझा पाय निघत नाही. बसून विचार केला तेव्हा कळलं. तुम्ही ठेवून गेलात त्यात मीही आहे, आणि माझ्याबद्दल तुम्हाला विचारायचंच राहिलं. सोमवारच्या आत न्यायला या. नाहीतर सोडली म्हणून सांगा, पण तुमच्या तोंडानं सांगा. कल्याणभावजींकरवी निरोप नको.

अजून तरी तुमचीच,
अश्विनी