अंतरपाटामागचा उजेड

धाड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनी,

तुला आणि शेगावच्या घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. संजीवनीवहिनी आता लेकीकडेच राहतात हे बरं झालं. त्यांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणतात ते कळव. इकडे हरभरा सोंगणीला आला आहे. तुमच्या घराला कुलूप असलं तरी मी एक दिवसाआड जाऊन जास्वंदीला पाणी घालतो. बाजाराच्या दिवशी अजून कोणी तरी तुझ्या बाबांचं विचारतं, सहदेव कुठे आहे म्हणून. त्याला जाऊन दोन महिने झाले, तरी काहींना कळलेलंच नाही. मग सांगावं लागतं.

फोन करता आला असता. पण मला फोनवर दोन वाक्यांपुढे सुचत नाही, तुला माहीत आहे.

परवा बुलढाण्याला एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. डिजिटल कॅमेऱ्यामुळे गुन्ह्यांच्या सिनेमांचं रूप कसं बदललं, असा विषय त्यांनीच दिला होता. मला भाषण येत नाही. जे पाहिलं तेच सांगितलं. पूर्वी रिळाला उजेड फार लागायचा. म्हणून खुनाच्या सीनलाही मोठमोठे दिवे, निळी रात्र, भिंतीवर सुऱ्याची लांब सावली. खुनी पडद्यावर आला की लगेच ओळखू यायचा. डिजिटल आलं आणि कमी उजेडातही चित्र निघू लागलं. सिनेमावाले खऱ्या दुकानांत, खऱ्या बोळांत शिरले. खुनी शेजारच्या माणसासारखा दिसायला लागला आणि त्याची जास्त भीती वाटायला लागली. मुलांनी हे सगळं लिहून घेतलं.

मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्याचा तो सीन लावला. २०११ साली पुण्याच्या दिग्दर्शकाने इथल्या अडत दुकानात केलेला. दिवाणजी पोत्यावर बसून मालकाच्या खुनाची कबुली देतो, तो. लोक अजून त्याचं नाव काढतात, कारण एकही दिवा न लावता घेतलेला सीन म्हणून तो छापून आला होता.

सीन संपल्यावर एका मुलीने हात वर केला. "सर, त्याच्या डोळ्यात बारीकसा पांढरा चौकोन दिसते. तो कशाचा आहे?"

मी म्हणालो, खिडकीचा.

योगिनी, तो खिडकीचा नाही. खिडकीमागे बोळ आहे आणि त्या बोळात दुपारनंतर ऊन येतच नाही.

आम्ही दोघं लग्नांचं शूटिंग करायचो. मी कॅमेरा धरायचो आणि तुझे बाबा हॅलोजन. तेव्हाच त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मंगलाष्टकांच्या वेळी हॅलोजनचा उजेड अंतरपाटातून गाळून येतो, तेव्हा नवरीचा चेहरा सगळ्यात चांगला दिसतो. अंतरपाट निघाला की उजेड अंगावर येतो आणि ती डोळे बारीक करते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून ते पिशवीत एक अंतरपाट ठेवायचे. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला, वहिनींच्या पेटीतून घेतलेला.

त्या दिवशी दिग्दर्शकाने ठरवलंच होतं की दिवे लावायचे नाहीत. नवीन कॅमेरा आहे, गरजच काय. आम्ही आधी तसंच करून पाहिलं. चित्र आलं, पण दिवाणजीच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, आणि काळ्या भिंतीवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके. दिग्दर्शक वैतागून जेवायला गेला. सहदेव म्हणाला, "थांब बे, अर्धा घंटा दे मले." मागच्या बोळात त्याने हॅलोजन लांब उभा केला आणि खिडकीबाहेर अंतरपाट ताणून बांधला. डोळ्यातला पांढरा चौकोन तोच. कापडाचा एक कोपरा करपला. वहिनींना विचार, त्यावरून किती दिवस बोलणी खाल्ली त्याने.

दिग्दर्शक परत आला, मॉनिटरमध्ये पाहिलं आणि खूश झाला. त्याला वाटलं, ऊन फिरलं. म्हणाला, बघा, या कॅमेऱ्याला दिवे लागतच नाहीत. मी काही बोललो नाही. त्याने मना केलेलं आम्ही केलं होतं, काम जाईल अशी भीती वाटली. एवढंच होतं तोवर माझी चूक लहान होती.

सिनेमा गाजला. बुलढाण्याला पेपरवाल्याने विचारलं आणि मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एकही दिवा नव्हता. तेव्हा कोणाची भीती नव्हती. ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून सांगितलं.

सहदेव पेपर घेऊन माझ्या फोटोच्या दुकानात आला. "काऊन बे वामन, मी काय तिथं कांदे सोलत होतो?" मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो. तो हसला. "राहू दे. तुले मालूम हाये, मले मालूम हाये." पेपर तिथेच ठेवून गेला.

मला मुंबईहून बोलावणं आलं. मलेही ने म्हणून त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी सांगितलं की आता दिवेवाले कोणी घेत नाही. ते खरंच होतं, पण आमच्यासारख्यांच्या बोलण्यानेच तसं झालं होतं. तिथे माझं चित्र नुसतं काळं यायचं. सहा वर्षांत काम संपलं आणि मी परत आलो. का आलो, ते त्याने कधी विचारलं नाही.

आता तेरवीच्या दिवसाचं लिहितो. पंगत उठल्यावर तू मला पडवीत बाजूला घेतलंस. म्हणालीस, "काका, बाबा नेहमी सांगायचे, त्या सीनचा उजेड माझा आहे. मी त्यांना पाहुण्यांसमोर गप्प करायची. पेपरात छापलेलं दाखवायची. खरं सांगा, त्यांचं काही होतं काय त्याच्यात?"

मी म्हणालो, बोलायचा तो तसं, मनाला लावून घेऊ नको.

तुझा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे मी चुकली नव्हती," असं म्हणून तू भांडी उचलायला गेलीस. तुझा तो चेहरा आठवतो म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले. खरं सांगितलं तर तुझं समाधान मी काढून घेतो, हे मला कळतं. पण ते समाधान मी तुला त्यांच्या नावाला डाग लावून दिलं होतं. परवा त्या मुलीलाही खोटं सांगून झालं, तेव्हा कळलं की मी हे मरेपर्यंत असंच सांगत राहीन.

तू चुकली नव्हतीस. तू दाखवायचीस त्या पेपरातलं खोटं माझं होतं. बाबांना गप्प तू नाही केलंस, मी केलं.

कॉलेजला आज वेगळं पत्र टाकलं आहे, त्या मुलीच्या नावाने. हे पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखव. करपलेला अंतरपाट पाहूनही, पेपर वाचून त्यांनीही त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं असेल, त्यांनाही कळू दे. येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीने मी शेगावला येतो आहे. दार उघडायचं की नाही ते तुम्ही दोघींनी ठरवा. मी पायरीशी थांबेन.

सहदेव घरात कधीही खोटं बोलला नाही.

त्याला खोटं पाडणारा,
वामन